गळती

आमच्या दारात मोटार आहे, असे मी कुणाला सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा आदर उमटतो. ती कोणती हे सांगितले की तो आदर ओसरतो आणि त्याच्या जागी सहानुभूती येते. मोटार प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने जी गाडी तयार होत असे, 1964 साली जिला 'डिलाइट' म्हणत आणि पुढे सत्तरीच्या दशकात जिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले, तीच ही. तिचे यंत्र 1089 घनसेंटीमीटरचे, ताकद चाळीस-बेचाळीस घोड्यांची. त्यातले निम्मे घोडे आता पेन्शनीत निघाले असावेत. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. दारे मात्र अशी लागतात की शेजारच्या चकचकीत मोटारींनी लाजून मान खाली घालावी.

मोटार माझी नव्हे, अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे काढली, सिडकोच्या योजनेतून ऐरोलीत घर घेतले आणि 1998 साली ही मोटार दुसऱ्या हाताने विकत घेतली. मी इथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्र या विषयाने मला त्या परीक्षेत पस्तीस गुण देऊन निरोप दिला, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या वाटेला गेलो नाही. तरीही 2023 च्या उन्हाळ्यात मला एका थंड हवेच्या यंत्राचे दुखणे समजून घ्यावे लागले, ते कसे हे सांगायचे आहे.

पद्मिनीला कारखान्यातून थंड हवा मिळालेली नव्हती. ती मागाहून बसवलेली. डॅशबोर्डच्या खाली, मधोमध, एक काळी पेटी लटकावलेली आहे. तिला जाळीच्या चार झडपा, दोन फिरकीची बटणे. एक पंख्याचे, एक थंडाव्याचे. पुढे बॉनेटखाली पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर आणि रेडिएटरच्या पुढ्यात आणखी एक जाळे. एवढे ओझे त्या चाळीस घोड्यांवर घातले होते 2000 साली, आणि त्याला कारण होते. आईला त्या वर्षी परळच्या टाटा रुग्णालयात न्यावे लागू लागले. औषध देऊन आणले की येताना तिला उकाडा नि पेट्रोलचा वास सोसत नसे. सायनच्या पुढे मोटार उभी राहिली की ती पदर तोंडाला लावून डोळे मिटून बसे. तिसऱ्या फेरीनंतर अण्णांनी कुणाला न विचारता भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले आणि हे यंत्र बसवून आणले. आई म्हणाली, "अहो, एवढ्या पैशांत घराला रंग झाला असता." अण्णा म्हणाले, "रंग दिवाळीला."

ऐरोलीहून मुलुंडला जाणारा खाडीवरचा पूल 1999 साली झाला, म्हणून ते शक्य तरी झाले. त्याआधी मुलुंड आम्हाला समोर दिसे, संध्याकाळी तिथले दिवे मोजता येत, पण जायचे तर कळव्याला नाहीतर थेट वाशीला वळसा. पूल झाल्यावर पलीकडची मिठागरे ओलांडली की हमरस्ता, आणि मग सरळ परळ. पुलाचा चढ काही खंडाळ्याचा घाट नव्हे, पण थंड हवा चालू असताना पद्मिनी त्याच्यावर धापा टाकू लागे. मग अण्णा चढ लागताच बटण फिरवून हवा बंद करीत आणि उतार लागला की पुन्हा चालू करीत. आई डोळे न उघडता विचारी, "बंद केलीत का?" अण्णा म्हणत, "आली, आली."

2002 च्या श्रावणात आई गेली. त्यानंतर ते यंत्र चालू झालेले मी पाहिले नाही. मोटार दर रविवारी धुतली जाई, फिरायला जाई, उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत असू, आणि मी एकदा-दोनदा म्हटलेही, "अण्णा, हवा लावा ना." ते म्हणत, "पेट्रोल खातं. काच खाली कर." मी ते खरे मानले. काटकसर हा त्यांच्या स्वभावातला ठळक भाग होता, निदान मला तसे वाटे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक बाप आहे. बायकोच्या तेराव्याच्या दिवशी तो पेट्रोलचा हिशेब लिहीत बसतो. परीक्षणांत त्या प्रसंगाचे कौतुक झाले होते. अण्णांनी ती कादंबरी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मुद्रणदोष बरेच राहिलेत."

2023 साली अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. हृदय थकलेले, पायांवर सूज, पंधरा दिवसांनी मुलुंडला डॉक्टरांकडे फेरी. डॉक्टरांनी बजावले होते की उन्हापासून यांना जपा. त्यातच 16 एप्रिलला खारघरला भर उन्हातल्या त्या समारंभात उष्माघाताने डझनाहून अधिक माणसे दगावली. खारघर आमच्यापासून फार दूर नाही. त्या रात्री आमच्या सौभाग्यवतींनी जेवणाच्या पानावरच जाहीर केले की यापुढे अण्णांना भट्टीत बसवून कुठे न्यायचे नाही. भाड्याची थंड मोटार बोलावता आली असती, हे मला कळते. पण अण्णा म्हणाले, "आपली गाडी दारात असताना?" आणि विषय मिटला. तेव्हा ते यंत्र दुरुस्त करणे आले. मी त्यांना विचारले. ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "तुझी मर्जी."

पहिल्या कारागिराने बॉनेट उघडले, पट्टा बदलला, कॉम्प्रेसर फिरतो आहे हे पाहिले आणि म्हणाला, "गॅस संपलाय." त्याने गॅस भरला. पेटीतून गार वारा आला. मी इतका खूश झालो की घासाघीस केली नाही. नवव्या दिवशी वारा पुन्हा कोमट झाला.

दुसरा अधिक जाणता होता. त्याने रेडिएटरपुढचे जाळे बोटाने खरवडले, तशी ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची पांढरी भुकटी खाली पडली. "खाडीची हवा," तो म्हणाला, "मीठ खातं याला." हे खोटे नव्हते. ऐरोलीत खिडकीचे गज गंजतात, सायकलच्या तारा गंजतात, भिंतीवरचे खिळेदेखील गंजतात. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात तेवढी एक खाडीची भरपाई. त्याने जाळे बदलले, गॅस भरला आणि पहिल्याच्या चौपट पैसे घेतले. हवा तीन आठवडे टिकली. तिसऱ्या वेळी गेलो तर म्हणाला, "मास्तर, किती खर्च करणार या डब्यावर? विकून टाका." डबा हा शब्द मला लागला. गंमत अशी की मनातल्या मनात मीही तिला तेच म्हणत आलो होतो.

शाळेत आमचे शास्त्राचे शिक्षक आहेत. मधल्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. त्यांनी प्रयोगशाळेतून स्पिरिटची बाटली आणली आणि एक थेंब माझ्या मनगटावर टाकला. गार लागले. "उडून जाताना त्यानं तुमच्या हातातली उष्णता नेली. माठ असाच गार होतो," ते म्हणाले. "तुमच्या मोटारीत दुसरं काही नाही. फक्त माठातलं पाणी हवेत जातं ते गेलंच. इथं ते पकडून, दाबून, परत पातळ करून पुन्हा माठात सोडतात." मग त्यांनी फळ्यावर एक वाटोळे काढले. पेटीतल्या नळीत द्रवाचा वायू होतो, तिथे थंडावा. तो वायू कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो, तेव्हा तो तापतो. पुढच्या जाळ्यात वाऱ्याने तो आपली उष्णता बाहेर टाकतो आणि पुन्हा द्रव होतो. मग एका बारीक छिद्रातून तो पेटीत शिरतो नि पुन्हा वायू. असे अखंड. माझ्या उभ्या आयुष्यात फळ्यावरची शास्त्राची आकृती मला त्या दिवशी पहिल्यांदा सुंदर वाटली. मी त्यांना विचारले, "मग गॅस संपतो कसा?" ते म्हणाले, "संपत नाही. तोच तर प्रश्न आहे."

त्यांच्याच ओळखीने मला रबाळ्याचे मिस्त्री मिळाले. साठीचे गृहस्थ, साताऱ्याकडचे, औद्योगिक वसाहतीत आयुष्य गेलेले; पद्मिनीच्या टॅक्स्या शहरात हजारोंनी होत्या तेव्हा त्यांच्या हाताखालून किती गेल्या त्याची गणती नाही. टॅक्सीतल्या शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत भरून ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून जायची होती, आणि गेलीही. मिस्त्री याबद्दल फार बोलले नाहीत. "जायाचंच," एवढेच म्हणाले.

ते एका रविवारी सकाळी सातला आले, ऊन चढायच्या आत. बरोबर दोन घड्याळांचे यंत्र, एक टॉर्च, साबणाच्या पाण्याची वाटी आणि चिंध्या. गॅसचा सिलिंडर आणला नव्हता, हे माझ्या लगेच लक्षात आले. बॉनेटला हात लावायच्या आधी ते पायरीवर बसले आणि मला प्रश्न विचारू लागले. डॉक्टरने विचारावे तसे.

"हवा कवा गरम हुती? गाडी हुबी असताना का पळताना?"

"दोन्ही वेळा."

"हुबी असतानाच झाली असती तर पंखा बघितला असता. बरं, पयल्यांदा गार आन् अर्ध्या घंट्यानं वाराच कमी, असं हुतं का?"

"नाही."

"मग आत बर्फ धरत न्हाई. मधीच गार, मधीच गरम?"

"नाही. रोज थोडी थोडी कमी होत गेली."

"हां," ते म्हणाले. "पानी आसतं आत तर त्या बारीक भोकापाशी गोठतं, वितळतं, पुन्ना गोठतं. तसं न्हाई. रोज थोडं थोडं म्हंजी गळती. मास्तर, गॅस संपत न्हाई. त्यो काय पेट्रोल हाय व्हय? बंद नळ्यांतनं फिरत ऱ्हातो. कमी झाला म्हंजी कुठनंतरी गेला. कुठनं गेला ते न बघता भरायचा, म्हंजी फुटक्या घागरीत पानी."

मग त्यांनी घड्याळे जोडली. एकाला निळी नळी, एकाला तांबडी. मोटार बंद असताना दोन्ही काटे एकाच जागी, 95 पौंडांच्या आसपास थांबले. मला हायसे वाटले. म्हटले, दाब तर भरपूर आहे. मिस्त्री हसले. इथे त्यांनी मला जे सांगितले ते मी नंतर शास्त्राच्या शिक्षकांकडून ताडून घेतले, कारण मला ते पटेना. बंद भांड्यात तो द्रव थोडा जरी शिल्लक असेल, तरी त्याच्यावरच्या वायूचा दाब ठरतो तो हवेच्या उष्णतेवर, द्रव किती आहे त्यावर नव्हे. तीस अंशांच्या सकाळी भांडे काठोकाठ असो की तळाला चमचाभर असो, काटा तिथेच. भांडे पार कोरडे होऊ लागेपर्यंत काटा काहीच बोलत नाही. "हुबी आसताना काटा खोटं बोलतो," मिस्त्री म्हणाले. "चालवून बघाय पायजे."

मी मोटार सुरू केली. त्यांनी बटण फिरवायला सांगितले. खट् असा आवाज झाला, कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती पट्ट्याच्या चाकाला चिकटली आणि यंत्राने ओझे घेतल्यासारखा एक उसासा टाकला. काटे हलले. निळा खाली जायला हवा तिसा-चाळिसापर्यंत. तो त्याच्याही खूप खाली गेला. तांबडा दोनशेच्या वर चढायला हवा. तो वाटेतच थांबला. मिस्त्रींनी माझा हात धरून एका जाड नळीवर ठेवला. "ही गार पायजे, घाम आल्यावानी." ती नुसती कोमट होती. मग बाटलीसारख्या एका नळकांड्याच्या डोक्यावरची काचेची टिकली टॉर्चने दाखवली. आत दुधासारखे बुडबुडे पळत होते. "भरल्यालं आसतं तर काच स्वच्छ दिसली आसती. जुन्या गॅसला ही काच लई भरवशाची. नव्याला कमी, पर इतकं फसवत न्हाई."

जुना आणि नवा म्हणजे काय, असे मी विचारले. तेव्हा कळले की 2000 साली आमच्या यंत्रात जो वायू होता, त्याची जातच आता बाजारात नाही. आकाशातल्या ओझोनच्या थराला तो खातो, म्हणून 1987 साली मॉन्ट्रियलला जगातल्या राष्ट्रांनी करार केला. भारत त्यात 1992 साली सामील झाला आणि 2008 साली आपल्याकडे त्याचे उत्पादन थांबले. पहिल्या कारागिराने नवा वायू जुन्याच तेलात भरला होता. दोघांचे जुळत नाही. नवा वायू जुन्या तेलाला आपल्याबरोबर फिरवत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा राबतो. म्हणजे आम्ही दोनदा पैसे देऊन दुखणे वाढवले होते, आणि दोन्ही वेळचा वायू ऐरोलीच्या आकाशात सोडला होता. नव्याने ओझोनला धक्का लागत नसला तरी पृथ्वी तापवण्यात तो कर्बवायूच्या हजारपटीहून अधिक तरबेज आहे. एका म्हाताऱ्या माणसाला गार वारा मिळावा म्हणून मी उन्हाळ्यालाच खतपाणी घातले!

मिस्त्रींनी मोटार बंद करवली, पट्टा उतरवला आणि टॉर्च घेऊन वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो.

"गॅस दिसत न्हाई," ते म्हणाले. "पर त्येच्यासंगं तेल जातं. तेल दिसतं. तेलावर धूळ बसती." त्यांनी बॉनेटच्या खालच्या बाजूला टॉर्च मारला. तिथे कॉम्प्रेसरच्या चाकाच्या बरोबर वर एक काळी, तेलकट रेघ होती. फिरत्या चाकाने उडवलेली, ब्रशाने ओढावी तशी एका सरळीत. ती रेघ मी शंभर वेळा पाहिली होती. मी मुलांना रेघ पाहायला शिकवतो. यंत्राच्या तेलाचा जुना डाग म्हणून मी ती सोडून दिली होती, आणि दोन्ही कारागिरांनीही. मिस्त्रींनी चाकामागे कॉम्प्रेसरच्या नाकाशी चिंधी फिरवली, ती काळी झाली. मग साबणाचे पाणी लावले. पाच-सहा क्षण काहीच नाही. मग एक बुडबुडा फुगला, फुटला. दुसरा फुगला.

"सापडला," मिस्त्री म्हणाले. "दांड्याचं सील. रबराचं कडं आसतं आत. दांडा भाईर येतो तिथनं गॅस जाऊ न्हाई म्हून." ते चिंधीने हात पुसत उठले आणि सहज विचारावे तसे त्यांनी विचारले, "ही हवा किती वर्सं बंद ठिवली हुती?"

मी म्हणालो, "असेल पाच-सहा वर्षं."

"एकवीस," मागून आवाज आला. अण्णा दारात उभे होते. हातात चहाचे कप. आमच्या घरात अण्णांनी कुणासाठी चहा आणल्याचे मला आठवत नाही.

मिस्त्रींनी कप घेतला. "आण्णा, तिथंच घोटाळा. ते कडं तेलानं वलं ऱ्हातं, आन् तेल फिरतं कवा, तर कॉम्प्रेसर फिरल तवा. बंद ठिवलं की कडं सुकतं, आकसतं, चिरतं. पंधरवड्यातनं धा मिंटं चालवाय पायजे हुती. थंडीतसुदिक. नुसती धा मिंटं."

"ठाऊक होतं," अण्णा म्हणाले. "बसवणाऱ्यानं सांगितलं होतं."

कुणी काही बोलले नाही. मिस्त्री चहा फुंकत होते. अण्णा मोटारीपाशी आले, खिडकीतून आत वाकून त्यांनी त्या काळ्या पेटीकडे पाहिले. मग माझ्याकडे न पाहता, मिस्त्रींनाच सांगावे तसे म्हणाले, "तिचे दिवस झाल्यावर एकदा लावून पाहिली होती. ती डावीकडची झडप तिच्या अंगाला वळवलेली आहे. वारा सगळा रिकाम्या सीटवर जात होता." थोडे थांबून म्हणाले, "झडप वळवता आली असती."

मी त्या झडपेकडे पाहिले. चार झडपांपैकी तीन समोर पाहत होत्या. चौथी, डावीकडच्या टोकाची, खाली आणि डावीकडे वळलेली होती. एकवीस वर्षे दर रविवारी अण्णांनी ती पेटी ओल्या फडक्याने पुसली होती, जाळीच्या फटीफटीतून काडीला कापूस गुंडाळून, आणि ती झडप होती तशीच होती. आणि मी, ज्याने त्या माणसाला तेराव्याच्या दिवशी पेट्रोलचा हिशेब करायला बसवले होते, दर उन्हाळ्यात त्या झडपेपासून वीतभर अंतरावर गुडघा ठेवून घाम पुसत होतो. त्या तेराव्याच्या दिवशी अण्णा खरोखरच वही घेऊन बसले होते. ते मी कल्पनेने लिहिलेले नाही. वहीत काय लिहीत होते ते मात्र मी पाहिले नव्हते. पेट्रोल हे मी भरले.

मिस्त्रींनी कॉम्प्रेसर उतरवून नेला. त्या जातीचे सील नव्या दुकानांत मिळेना. ते शेवटी कुर्ल्यालाच मिळाले, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात. जिथे ही मोटार जन्मली त्या गावात. पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या सांध्यांतली रबरी कडी बदलली, आतले जुने तेल धुऊन काढले, नवे घातले, ओलावा शोषणारे ते बाटलीसारखे नळकांडे नवे बसवले. मग लगेच गॅस भरला नाही. नायट्रोजन भरून रात्रभर घड्याळ लावून ठेवले. सकाळी काटा जिथल्या तिथे पाहून त्यांनी प्रथमच माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर तासभर पंपाने आतली हवा ओढून काढली. पोकळी झाली की साध्या उन्हातही पाणी उकळते नि वाफ होऊन निघून जाते, हे शास्त्राच्या शिक्षकांनी मागाहून सांगितले. मिस्त्रींच्या भाषेत "वल काढली". आणि शेवटी गॅस, तोही अंदाजाने नव्हे, तराजूवर सिलिंडर ठेवून, तोलून. सगळे मिळून पैसे दुसऱ्या कारागिराने घेतले त्याहून कमी.

पेटी पुसायला ते आत बसले तेव्हा त्यांचा हात त्या झडपेकडे गेला. अण्णा म्हणाले, "ती राहू द्या." मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ दे की."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस यायचा होता आणि येत नव्हता, अशा एका दुपारी आम्ही मुलुंडला डॉक्टरांकडे निघालो. चालवायला मी. अण्णांना मागे बसायची सवय नाही आणि चालवायची आता परवानगी नाही, तेव्हा ते पुढे डावीकडे बसले. त्या सीटवर त्यांना बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी बटण फिरवले. खट् झाले, यंत्राने उसासा टाकला, आणि थोड्या वेळाने पेटीतून गार वारा आला. तीन झडपांतून समोर, आणि एकीतून सरळ त्यांच्या अंगावर. त्यांच्या सदऱ्याची कॉलर हलू लागली. ते काही बोलले नाहीत. दिवा गावाचा फाटा मागे पडला, खारफुटीची हिरवी झाडी सुरू झाली, आणि पूल आला.

चढ लागला तशी पद्मिनी धापा टाकू लागली. अण्णांचा हात गुडघ्यावरून उठला, पेटीपाशी गेला आणि त्यांनी बटण फिरवून हवा बंद केली. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी काही विचारले नाही. खाली खाडीला भरती होती. मधल्या उंचवट्यावर पोचलो, पलीकडची मिठागरे दिसू लागली, मोटारीने दम घेतला.

"आली, आली," अण्णा म्हणाले, आणि बटण फिरवले.